डब्यात कुणी बघायचं नाही

जुईली कानडेला अकरावं लागलं होतं आणि एका प्रश्नानं तिचं डोकं पार भंजाळून टाकलं होतं. प्रश्न तसा साधाच होता. तिनं काढलेलं मांजराचं चित्र तिनं रेहानला पाठवलं, तरी ते तिच्याकडे राहिलंच. मग वर्गातल्या चौदाही जणांना पाठवलं, तरी राहिलंच. पाटीवरची वस्तू कितीही जणांना वाटा, ती संपत नाही. मग पाटीवरचा पैसाच काय म्हणून संपावा?

नुसतं विचारत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या खात्यात एकच कोर उरली होती. शनिवारी दुपारी तिनं एका हातात स्वतःची पाटी (हातात मावणारा संगणक) घेतली, दुसऱ्या हातात बाबांची, आणि दोन्हींवर आपलं खातं उघडलं. 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणत दोन्हींवर एकदम बोट दाबलं. तीच कोर गुलाबमावशींना वड्यासाठी गेली आणि तीच रेहानला त्याच्या भिंगासाठी. भिंग तिला का हवं होतं, तर जेवणघराच्या भिंतीवरच्या चंद्राच्या नकाशात तिला मांजराच्या पंजासारखं एक विवर सापडलं होतं. रेहान आठवडाभर ते शोधत होता. भिंगच काढून घेतलं की त्याला ते जन्मात सापडणार नव्हतं.

गुलाबमावशींच्या गाड्यावर टिंग वाजलं. रेहानची पाटी मात्र लाल झाली आणि तिच्यावर अक्षरं उमटली, "ही कोर आधीच खर्च झाली आहे."

"आधीच म्हणजे कधी?" जुईली चिडली. "मी दोन्ही एकदमच पाठवल्या!"

"आणि पंजा-बिंजा काही नाहीये. थापा मारतेस तू," रेहाननं तेवढ्यात उरकून घेतलं.

आता कोर म्हणजे काय ते सांगायला हवं. ही सगळी मंडळी चंद्राच्या पाठमोऱ्या बाजूला राहत होती, म्हणजे पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूला. वस्तीचं नावही पाठमोरी वस्तीच, आणि माणसं दोनशे बारा. पृथ्वीवरच्या बँकेचा निरोप इथे यायचा तो एका म्हाताऱ्या उपग्रहामार्फत, आणि तो उपग्रह लहर लागेल तेव्हा रुसायचा. म्हणून वस्तीनं जुन्या यंत्रांचा पत्रा कापून बिल्ले केले होते आणि ते पैशांसारखे वापरले होते. बिल्ले केले दोन हजार. गेल्या वर्षी मोजले तर भरले दोन हजार चाळीस! बिल्ल्यांना पिल्लं होत नसतात, तेव्हा कुणीतरी गुपचूप पत्रा कापत होतं हे उघड होतं.

त्यावर उपाय म्हणून सरंजामेताईंनी, म्हणजे वस्तीच्या संगणक पाहणाऱ्या बाईंनी, पाटीवर चालणारा पैसा बनवला. चंद्रकोरीवरून नाव ठेवलं कोर. पाव कोर म्हणजे अर्थातच चतकोर. महिनाभर वापरून पाहायचं आणि मग सभेत ठरवायचं असं ठरलं होतं. ती सभा उद्या होती, आणि मुलांच्या वतीनं जुईली बोलणार होती. 'कोर हवीच!' असं दोन पानी भाषण तिनं लिहूनही ठेवलं होतं.

पण महिनाभर मोठ्यांचं ऐकून ऐकून तिची त्रेधा उडाली होती. गुलाबमावशी म्हणायच्या, "सकाळची भवानी झाली की मी बिल्ला कपाळाला लावते. आता काय पाटी बडवून घेऊ कपाळावर?" ते जुईलीला पटायचं. सरंजामेताई म्हणायच्या की खोटा बिल्ला कापता येतो, खोटी कोर बनवता येत नाही. तेही पटायचं. सभेचे प्रमुख घोडकेकाका विचारायचे, "कोरी दोन हजारच ठेवणार, आणि वस्तीत माणसं वाढली तर? मग ज्याच्याकडे कोर आहे तो ती दाबूनच बसेल की!" हे तर फारच पटायचं. जो शेवटी बोलेल त्याचं खरं, अशी तिची गत झाली होती.

चिडलेली जुईली रेहानला ओढत बत्तीसकडे गेली. बत्तीस हा एके काळचा खोदकाम करणारा यंत्रमानव. म्हातारपणी त्याला जेवणघरात पीठ मळायला ठेवलं होतं. त्याला बोलायला शिकवलं ते अकोल्याच्या एका माणसानं, त्यामुळे त्याची बोली अजून अस्सल वऱ्हाडी होती.

"काहून वं पोरी, तोंड काहून पाडलं?" बत्तीस म्हणाला. सगळं ऐकून त्यानं पिठाचे हात झटकले. "असं पाह्य. बिल्ला दिला का हातातून जाते. चित्र दिलं तर जात नाही. मंग पाटीवरचा पैसा हातातून जावा, यासाठी काय करावं लागन?"

"कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," रेहान म्हणाला.

"हाव. पण ज्यानं लक्ष ठेवलं त्यानंच चोरी केली तं?"

रेहाननं डोकं खाजवलं.

"म्हून एकानं नाही, सगळ्यायनं लक्ष ठेवाचं." बत्तीसनं भिंतीवरचा पडदा उजळला. त्यावर ओळींमागून ओळी होत्या. "हे समाईक वही (वही एकच, पण तिची नक्कल प्रत्येकाच्या पाटीत). तू कोर दिली का सगळ्या पाट्यायले निरोप जाते. दर मिनिटाले चिठ्ठी निघते. जिची चिठ्ठी निघन ती पाटी नवं पान लिव्हते, बाकीच्या तपासते. तुया दोन निरोपांतला मावशीचा तिले आंधी भेटला, थो लिव्हला. दुसरा आला तं सगळ्या पाट्या म्हणाल्या, हे कोर तं गेली बाप्पा!"

"म्हणजे मी एकटीनं माझ्या पाटीत खोडलं तर?"

"दोनशे अकरा वह्या तुले खोटं पाडतीन. याले म्हणते द्विखर्चाची अडचण (एकच नाणं दोनदा खर्च होण्याची), आन् हे तिचं उत्तर."

जुईलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किती झकास युक्ती! हे उद्या भाषणात घालायलाच हवं होतं. "माझी ओळ दाखव ना," ती म्हणाली, आणि रेहान बोटानं वही वर सरकवत मोठ्यानं वाचू लागला. "जुईली कानडे ते गुलाबमावशी, एक कोर, वडा. हां, सापडली. त्याच्या आधी... घोडकेकाका ते डबा, पाच कोरी. बापरे, पाच! आणखी वर पहिल्या आठवड्यात... डबा ते मकरंद कानडे, दोन कोरी. मकरंद कानडे ते हरितगृह, संत्रं ए..."

रेहान थांबला. मकरंद कानडे म्हणजे जुईलीचे बाबा.

डबा म्हणजे काय ते वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जेवणघराच्या दाराशी पत्र्याचा एक खोल डबा टांगलेला होता. ज्याच्याकडे जास्त असेल त्यानं त्यात घालावं, ज्याला कमी पडेल त्यानं घ्यावं. नियम एकच. हात मूठ मिटून आत घालायचा आणि मूठ मिटूनच बाहेर काढायचा, आणि जवळ असेल त्यानं तोंड फिरवायचं. त्यामुळे देणारा आणि घेणारा दिसायला अगदी सारखेच असत. कोर आल्यापासून डबा रिकामा टांगलेला होता आणि त्याच्याशेजारी एक पाटी लावली होती.

तीन महिन्यांपूर्वी बोगद्यात बाबांचा पाय दुखावला होता आणि ते अर्ध्याच पाळीला जात होते. तरी दर गुरुवारी ते तिच्यासाठी संत्रं आणायचे. "पाळीवर बक्षीस मिळालं," म्हणायचे. मागच्या दोन गुरुवारी मात्र संत्रं आलं नव्हतं. "यंदा झाडाला धरलीच नाहीत," असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले होते, आणि जुईलीनं त्यावर तोंडही वाकडं केलं होतं. ते आठवून तिला आता रडू फुटलं.

"मी काही वाचलं नाही," रेहान घाईघाईनं म्हणाला. "शप्पथ."

पण वाचायला रेहानच कशाला हवा होता? वही दोनशे बारा पाट्यांत होती.

"बत्तीस, डब्यातून घेणारे किती जण आहेत?"

बत्तीसनं वहीतल्या ओळी मोजल्या. "पहिल्या हप्त्यात अकरा. दुसऱ्यात तीन. मंग एकबी नाही. घालणारे मातर वाढले, नाव झळकते ना त्यायचं!"

युक्ती तर बरोबर होती. बत्तीस बरोबर सांगत होता, सरंजामेताई बरोबर होत्या, वहीही बरोबर होती. मग हे इतकं वाईट का वाटत होतं, आणि कुणावर रागवायचं, हे जुईलीला काही केल्या कळेना.

सभा जेवणघरातच भरली. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते, कुबडी बाकाला टेकवून. जुईली दोन पानं घेऊन उभी राहिली, 'आदरणीय सभाप्रमुख' इथपर्यंत आली आणि थांबली. खरं सांगावं तर बाबांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते तर ती मेली तरी घेणार नव्हती.

"मी भाषण लिहिलंय," ती म्हणाली, "पण मला आता काहीच कळेनासं झालंय."

"आम्हालाही!" गुलाबमावशी मागून ओरडल्या आणि सगळे हसले.

हशामुळे तिला जरा धीर आला. "डब्यातून पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी घेतलं होतं. आता कुणीच घेत नाही. ते अकरा जण एकदम श्रीमंत झाले का?"

हसणं थांबलं. बाबा जमिनीकडे बघू लागले. घोडकेकाकांनाही आपल्या पाच कोरी आठवल्या असाव्यात, कारण तेही जमिनीकडेच बघू लागले.

"वहीला एवढंच कळायला हवं ना, की कोर खरी आहे आणि दोनदा खर्च होत नाही? मग ती कोणी घेतली हे कशाला हवं?"

सरंजामेताई उठल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण अडलेला होता. "अगं, झाकलेलं तपासणार कसं? काही बघायचंच नाही आणि खरं मात्र मानायचं, हे जमेल तरी कसं?"

जुईलीची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर चंद्राचा नकाशा होता, त्यात तिचा पंजा होता, आणि रेहान अजूनही तिला थापाडीच म्हणत होता. पंजा दाखवावा तर जागा कळते, न दाखवावा तर...

"बत्तीस, ती मोठी चादर दे! आणि कात्री!"

ती नकाशाच्या चौपट मोठी, टेबलावर घालायची चादर होती. गुलाबमावशी "अगं अगं" म्हणेपर्यंत जुईलीनं तिच्या मधोमध लिंबाएवढं भोक पाडलं. दोघा मोठ्या मुलांना चादर ताणून धरायला लावली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नकाशा भिंतीवरून काढला, चादरीच्या मागे नेला आणि कितीतरी वेळ इकडेतिकडे सरकवला.

"रेहान, भोकातून बघ."

रेहाननं भिंग लावलं. "पंजा! खरंच आहे! चार बोटं आणि तळवा!" मग त्याचा चेहरा पडला. "पण नकाशात कुठे आहे तो?"

"ते नाही कळणार. पण मी खरं बोलत होते, एवढं तर कळलं?"

जेवणघरात कुजबुज सुरू झाली. बत्तीसचे दिवे लुकलुकले. "बाप्पा! याले म्हणते शून्य-ज्ञान पुरावा (गुपित न उघडता ते खरं आहे हे पटवून देणं). गणितात अशी चादर शिवता येते. खात्यात कोर हाये, आंधी खर्च झाली नाही, हे वहीले पटते. कोनाची, हे दिसत नाही."

सरंजामेताईंनी पुढे येऊन त्या भोकातून बघितलं. "मला वाटलं होतं, सगळं उघडं ठेवलं की सगळं स्वच्छ राहील," त्या म्हणाल्या. "माझं चुकलंच. हे गणित अवघड आहे, तीन महिने तरी लागतील. जुईली, रेहान, मदतीला याल?"

मतदान पुढे ढकललं गेलं. तोपर्यंत नव्या ओळींवर नावं दिसणार नाहीत, जुनी पानंही पडद्यावर आणि सगळ्यांच्या पाट्यांवर झाकायची, आणि डब्याशेजारची पाटी हलवून डब्यात पुन्हा बिल्ले ठेवायचे, असं ठरलं. थोडे खोटे निघाले तर निघोत, असं घोडकेकाका स्वतःहून म्हणाले. माणसं वाढली तर कोरींचं काय, हा त्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

"आणि माझी भवानी?" गुलाबमावशींनी विचारलं.

"त्याचं अजून कळलेलं नाही, मावशी," जुईली प्रामाणिकपणे म्हणाली.

गुरुवारी जेवण झाल्यावर बाबा आणि ती घरी निघाले. दाराशी डबा टांगलेला होता. बाबांची चाल मंदावली. जुईलीनं तोंड फिरवलं आणि ती समोरच्या भिंतीवरचे खिळे मोजू लागली. मागे डब्यात टण्णकन आवाज झाला.

बाबांनी घातलं की घेतलं? जुईलीला कळलं नाही. महिनाभर काहीच न कळल्यामुळे ती वैतागलेली होती, पण हे न कळणं तिला इतकं आवडलं की तिनं मागे वळून बाबांचा हात धरला. मूठ मिटलेलीच होती, आणि तिनं ती तशीच धरली.