शंकरप्पांचं अर्धं पान

एकोणीसशे एकतीस सालच्या वैशाखातली दुपार. सोलापूरचं ऊन म्हणजे काय, ते ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. अशा वेळी महिपती मास्तर डोक्याला उपरणं गुंडाळून शंकरप्पांच्या घरी आला होता. काम साधंच. शंकरप्पा जाऊन सहा महिने झाले होते, आणि त्यांची अर्धवट राहिलेली कादंबरी त्यांच्या बायकोकडून, पार्वतम्माकडून, घेऊन जायची होती.

साधंच म्हणायचं आपलं! महिपतीच्या मनात काळंबेरं होतं.

माणूस लहानपणापासून पुस्तकवेडा. माळशिरसला असताना विकत घ्यायची ऐपत नव्हती, तर मागून आणलेली पुस्तकं हात दुखेपर्यंत वहीत उतरवून काढायचा. अशा कितीतरी वह्या त्यानं तांबड्या फडक्यात बांधून जपल्या होत्या. लेखकांवर त्याचा भारी जीव, आणि सगळ्यांत जास्त शंकरप्पांवर. पण स्वतःची दोन पुस्तकं छापून झाली आणि पुढं चार वर्षं एक ओळ सुचेना. लोक विसरत चालले होते. आठ दिवसांपूर्वी पार्वतम्मानं हे बाड त्याला इथंच बसून चाळायला दिलं, तेव्हा त्यानं घरी येऊन एका दमात शेवटचं प्रकरण लिहून काढलं. आता वर आपलं नाव घातलं की झालं. म्हातारीला अक्षरओळख नाही. कुणाला कळणार होतं?

"नेशील की," पार्वतम्मा म्हणाली. "पर आदी हितं त्यांच्या जागी बसून मोठ्यानं वाच. रोज लिवलेलं ते मला वाचून दावायचे, मी चुलीपाशी बसून हुंकार द्यायची. ज्या वाक्याला हुंकार न्हाय, ते खोडून टाकायचे. हुंकाराबिगर पान घराभाईर जायचं न्हाय."

"वाचतो, अम्मा."

ती आत गेली. महिपती बैठकीवर टेकला. खोलीत वाळक्या शाईचा आणि पुस्तकांत घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास कोंडला होता. त्यानं वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका विणकराच्या बायकोची; नवरा मेला तरी हातातल्या बांगड्या न उतरवता रोज दिवा लावून त्याची वाट बघणारी. पहिलं वाक्य संपलं, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हूं."

दुसरं वाक्य. "हूं." तास गेला, दोन तास गेले, एक हुंकार चुकला नाही. काय लिहून ठेवलं होतं त्या माणसानं! वाचता वाचता महिपतीचे डोळे भरून आले. असलं आपल्या हातून एक पान जरी उतरलं असतं, असं वाटून त्याच्या जिवाची तगमग झाली. शेवटचं अर्धं पान आलं. 'दाराबाहेर पावलं थांबली.' तिथं शंकरप्पांची शाई संपली होती.

"हूं."

महिपतीनं आवाज न बदलता खिशातले स्वतःचे कागद उलगडले आणि पुढं वाचलं.

आतून काही नाही.

पुढचं वाक्य. काही नाही. म्हातारीचा डोळा लागला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मागं जाऊन शंकरप्पांची ओळ वाचली. "हूं." आपली वाचली. शांत. 

"अम्मा... जाग्या आहात ना?"

तेवढ्यात पुढच्या दारानं पार्वतम्मा आत आली. हातात ताकाचा तांब्या, पदर घामानं ओला. "आगं बाई, वाचतोयस व्हय! तुला ताक आनायला मागल्या दारानं चंद्रव्वाकडं गेलते, तर तिची सून आडलेली. आत्ता सुटली बिचारी. तवा कुटं मला सोडलं त्यांनी."

 महिपतीनं नुसतं स्वयंपाकघराकडं बोट केलं. पार्वतम्मानं तिकडं बघितलं. ती घाबरली नाही. उंबऱ्यावर बसली आणि पदरानं डोळे टिपले.

"कुटवर आला त्यांचा हुंकार?"

त्यानं अर्ध्या पानावर बोट ठेवलं.

"आनि फुडचं?"

"पुढचं माझं आहे, अम्मा." आणि मग त्याला राहवलं नाही. "सगळ्यावर माझंच नाव घालणार होतो मी. लाज वाटते सांगायला."

म्हातारी रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. "त्यांचं हितंच ऱ्हाऊ दे. तुजं तू ने. पर घरी वाचून बग बाबा. ते तरी तुजं हाय का?"

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. सारजाबाई, त्याची बायको, चार दिवसांसाठी बार्शीला माहेरी गेलेली. घरात दुसरं कुणी नाही. त्यानं कडी लावली, दिवा पेटवला आणि तांबड्या फडक्यातल्या वह्यांसमोर बसून आपलं प्रकरण वाचायला घेतलं. हे तरी माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही, एवढंच त्याला ऐकायचं होतं. म्हणजे काहीच ऐकू यायला नको होतं.

पहिलं वाक्य झालं.

"हूं..." थकलेला, म्हातारा आवाज. वह्यांच्या फळीवरून.

दुसऱ्याला एक खोकणारा. तिसऱ्याला एका बाईचा, हळुवार. महिपती गारठून गेला. हे आवाज त्यानं जन्मात ऐकले नव्हते, तरी एकेक ओळखू येत होता. हे वाक्य कुठल्या वहीतलं, ते वळण कुणाचं, सगळं आठवायला लागलं. चोरायचं म्हणून चोरलं नव्हतं हो त्यानं; इतका जीव लावला होता, की आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं, हेच उरलं नव्हतं. तो रडत रडत वाचत होता, आणि प्रत्येक वाक्याचा मालक आपापलं मागून घेत होता.

शेवटचं एकच वाक्य राहिलं. वाचावं की नको? त्यानं वाचलं.

'ती दिव्यापाशी वाकली आणि तिनं फुंकर मारली.'

कुणी हुंकार दिला नाही. महिपती कान देऊन बसला. पळ गेला, दोन पळं गेली. फळी गप्प होती.

"माझं," तो पुटपुटला. "देवा, एक तरी माझं..."

दिव्याची ज्योत एका अंगाला कलली आणि विझली. जळक्या वातीचा वास आला. आणि अंधारात, त्याच्या अगदी गुडघ्याजवळ, वाकलेल्या हातातल्या बांगड्या हलकेच किणकिणल्या.