वेशीवरचा उघडा माइक

"वेस सताड उघडी! लांडगे सरळ कोठारात शिरतील!" सुतार किंचाळला.

सुतार म्हणजे दोघी बहिणींचा मावसभाऊ. सुटीला आला तोच लॅपटॉप काखोटीला मारून! पडद्यावर वसवलेल्या गावात तो सुतारकाम करी, ताई सरपंच होती आणि धाकटी, जिला सगळे शेपटी म्हणत, ती दिवाबत्ती बघायची. बाकीचे गावकरी कुठकुठले, कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नाही. तरी गाव चोख चाले. पिकलेलं धान्य सामाईक कोठारात. शिंग वाजलं की हातातलं काम टाकून धावायचं. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे खेळ सोडताना आपल्या माणसाला घरात नेऊन झोपवायचं आणि शेजाऱ्याने बाहेरून दार लावायचं. माणूस उभा सोडला तर लांडगे फाडणारच!

हा नियम कधीही न मोडणारा, वेशीवर पहारा देणारा राखण्या आज वेशीत नुसता उभा होता.

"चांगली खरडपट्टी काढते त्याची," ताई म्हणाली.

"ताई, त्याच्या डोक्यावर हिरवा दिवा लागलाय," शेपटी म्हणाली. "माइक चालू आहे!"

राखण्या कधी बोलत नसे, नेहमी लिहायचा. या खेळात जवळच्याचाच आवाज ऐकू येतो, म्हणून शेपटीने आपलं माणूस त्याच्या शेजारी नेलं. हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला. जड, घरघरणारा, मध्येच थांबणारा.

"राखण्या? ए राखण्या!"

नुसती घरघर. तेवढ्यात खिडकीबाहेर, इमारत रंगवणाऱ्यांचा मुकादम ओरडला, "अरे, बादली वर घ्या!" आणि तेच शब्द हेडफोनमध्येही उमटले. बारीक, पण तेच!

"तो इथेच आहे... आपल्याच इमारतीत!" शेपटी ओरडली.

आईबाबा कामावर, फोन उचलेनात. ताईने चटकन डोकं चालवलं. "आम्ही दोघं एकेका दारावर थापा मारत जातो. आवाज मोठा झाला की फोनवर सांग."

"मी एकटी थांबू?"

"तू हललीस तर लांडगे राखण्याला खातील. मेलेल्याचा माइक बंद होतो, माहीत आहे ना?"

माहीत होतं, म्हणून तर रडू येत होतं! लांडगा दिसला की लॅपटॉप मिटून पळणारी मुलगी ती. पण ताई आणि सुतार जिन्यावरून धावतही सुटले होते.

खेळात अंधारून आलं. एका कानाला हेडफोन, दुसऱ्याला फोन. ठक ठक... अगदी पुसट. "नाही, अजून वर जा!" ठक ठक... जरा जवळ. झाडीत दोन पिवळे डोळे चमकले, मग आणखी दोन. शेपटीचा हात लॅपटॉप मिटायला निघालाच होता. तिने तो मागे घेतला आणि शिंग फुंकलं.

गिरणीवाला आला, मेंढपाळ आला, शेतातली माणसं मशाली घेऊन आली. "काय झालं?" कुणीतरी लिहिलं. तिने लिहिलं, "राखण्याला वाचवा. खरंच मरेल तो." पुढे कुणी काही विचारलं नाही. सगळे त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले आणि पहिल्या लांडग्याने झेप घेतली.

धाड धाड धाड! "ताई, हेच दार! कानठळ्या बसल्या माझ्या!"

फोनवर ताई हळूच म्हणाली, "अगं, हे तर चूप मावशींचं दार!"

चूप मावशी रुग्णालयात रात्रपाळीच्या परिचारिका. दिवसा झोपायच्या. दारावर 'आवाज करू नका' अशी पाटी, त्यामुळे पोरं तिथून चवड्यांवर जायची. त्या राखण्या?

"काय धिंगाणा चालवलाय?" फोनमध्ये इमारतीच्या चिटणीस काकांचा आवाज आला.

"काका, मावशी आत बेशुद्ध आहेत! खेळात त्यांचा माइक..." ताई सांगू लागली.

"खेळातलं माणूस उठेना म्हणून मी लोकांची दारं फोडू? आधी तो फोन बंद कर!"

फोन कट झाला. हेडफोनमध्ये मात्र काका दारापलीकडून कडाडतच होते, "तुमच्यापायी एकाच पायात चप्पल घालून आलोय मी!"

शेपटीने घाईघाईने ताईला पुन्हा फोन लावला आणि तो काकांच्या कानाला लावायला सांगितला. "काका, तुम्ही आत्ता एका पायात चप्पल म्हणालात ना? मला ते मावशींच्या घरातून ऐकू आलं!"

काकांचा आवाज एकदम बसला. "अरे देवा! मुकादम! खिडकी फोडा, खिडकी!"

परांचीवरच्या रंगाऱ्याने खिडकीवरचं प्लॅस्टिक फाडलं. खळ्ळकन काच फुटली. "गीझर बंद करा!" "उचला त्यांना!" मग काहीतरी धडपडलं आणि हिरवा दिवा विझला.

आता काहीच ऐकू येईना. मावशी जिवंत आहेत की नाहीत? शेपटी ढसाढसा रडत होती आणि रडता रडता लांडगे हाकत होती. राखण्याला सोडून ती पाऊलभरही सरकली नाही. शेवटी ताई धापा टाकत दारात आली. "श्वास चालू आहे! रुग्णवाहिका आली!"

रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मुकादमाने भिंतीला, खिडक्यांना प्लॅस्टिक डकवलं होतं आणि त्याखाली गॅसच्या गीझरची धुराची नळीही बुजवून टाकली होती! वास नसलेला विषारी वायू घरात कोंडला. मदत मागायला मावशींनी माइक उघडला, पण शब्द फुटायच्या आत शुद्ध हरपली. मुकादमाने मान खाली घातली. काकांनी सगळ्या नळ्या मोकळ्या करून घेतल्या आणि इमारतीतल्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पोरांनो, मी ओरडत बसलो आणि तुम्ही ऐकत राहिलात. चुकलो मी. शाबास तुमची!" रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तर शेपटीशी हातच मिळवला.

मावशी घरी आल्या त्या दिवशी वेशीवर हिरवा दिवा लागला. राखण्या पहिल्यांदाच बोलला, मऊ, थकलेल्या आवाजात.

"शेपटे, आहेस का गं?"

"आहे, मावशी!"

"मी झोपते आता. दार लावशील?"

राखण्या घरात जाऊन आडवा झाला. शेपटीने दार लावलं, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि दिवा पेटवून ती वेशीवर जाऊन उभी राहिली.