पाठीवरची बटणं

यावर विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. पण यात पदरचं काहीही घातलेलं नाही, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगते.

ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती लिंकनमध्ये माझ्या वरच्याच मजल्यावर राहते. एनिड कॉडवेल. वाचनालयात नोकरी, लग्न केलेलं नाही, स्वभाव रोखठोक. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात आधी हसायची ती हीच.

आता हसत नाही.

१९७२ चा फेब्रुवारी. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचा संप चालू होता. दिवसातून कितीतरी तास वीज जायची. दुपार कलली की घरंच्या घरं काळोखात बुडायची.

एनिडची डॉर्कस मावशी नुकतीच वारली होती. समुद्राच्या बाजूला, सपाट दलदलीच्या मुलखात तिचं जुनं विटांचं घर होतं. ते रिकामं करायला एनिड आणि तिचा मावसभाऊ लायनेल गेले होते.

खालचं सगळं आवरून झालं होतं. राहिली होती फक्त माडीवरची मुलांची खोली.

लहान खोली. खिडकीला लोखंडी गज. मुलं पडू नयेत म्हणून तेव्हा लावायचेच. खिडकीखालच्या बाकाचं झाकण लायनेलने उचललं आणि आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला.

डब्यात फोटो होते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी पडलेले.

"ही कोण गं? आपली डॉर्कस मावशी का?" लायनेलने एक फोटो पुढे केला.

दोन-तीन वर्षांचं मूल. पांढरा झगा, कमरेला रुंद पट्टा, गळ्याला लेस.

"मावशी नाही. मुलगा आहे," एनिड म्हणाली. "भांग बघ ना, बाजूला पाडलाय. मुलींचा मधोमध पाडायचे."

"मुलगा? आणि झग्यात?"

"तेव्हा सगळेच असायचे. पाच-सहा वर्षांचा झाला की मग पहिली विजार. तुझे आजोबासुद्धा झग्यातच रांगले असतील."

"बरं झालं बाई, मी उशिरा जन्मलो. माझ्या या पायांवर झगा काही खुलला नसता!"

दोघं हसली.

दुसरा फोटो. बागेत चार-पाच मुलं. सगळ्यांना खलाशांसारखे पोशाख, चौकोनी निळ्या कॉलरी. आणि कडेला तोच मुलगा... आता सात-आठ वर्षांचा.

झग्यात.

तिसरा फोटो. तीच मुलं मोठी झालेली. आखूड कोट, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कॉलरी, लांब विजारी. मधोमध तो. चांगला उंच झालेला. बाह्या कोपरापर्यंत वर चढलेल्या. झग्याची घडी कितीदा तरी उसवून खाली सोडलेली, जुन्या दुमडींच्या रेघा एकीखाली एक दिसत होत्या.

लायनेलचं हसू थांबलं.

"एनिड... याचा हात बघ."

तिन्ही फोटोंत त्याचा उजवा हात पाठीमागे होता. आणि तिन्ही फोटोंत तो हात तेवढा पुसट. तेव्हा फोटो काढताना जरा हललं तरी तेवढा भाग पुसट यायचा.

बाकी सगळा तो दगडासारखा उभा. फक्त पाठीमागे काहीतरी चाचपत होता.

"ऑब्री तो."

दोघं दचकली. दारात शेजारच्या हिबिटबाई उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. हातात चहाचा थर्मास आणि फडक्यात बांधलेला मनुकांचा पाव.

"तुमचा मामा. डॉर्कसने सांगितलं नसेल कधी."

"आम्हाला मामा होता?" एनिडने विचारलं.

"दोन होते, पोरी." हिबिटबाई बाकावर टेकल्या. "माझी आई इथे कामाला होती, तिच्या तोंडून ऐकलंय. थोरला एडमंड. त्याला पहिली विजार घातली तेव्हा घरात केवढा सोहळा! शेजारीपाजारी त्याच्या खिशात नाणी टाकत होते. पोरगं आनंदाने जे बाहेर पळालं ते सरळ दलदलीतल्या पाण्याच्या मोठ्या चरात पडलं. संध्याकाळी प्रेतच बाहेर काढलं."

हिबिटबाईंनी तिसरा फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला.

"मग तुमच्या आजीने शपथ घेतली. धाकट्याला विजार म्हणून घालायची नाही. झग्यात आहे तोवर तो लहान. लहान आहे तोवर तो माझा. झग्याची बटणं पाठीवर, पोराचा हात पुरत नाही. तरी हा काढायचा प्रयत्न करायचा, म्हणून नंतर नंतर ती वरून शिवून टाकायची."

"आणि कुणी काही बोललं नाही?" लायनेल चिडून म्हणाला.

"बोलतंय कोण? मालकीणबाई त्या! चुलतभावांबरोबर फोटोपुरता खाली आणायचे, एरवी पाहुणे आले की त्याला या खोलीत ठेवायचे. घशाचं दुखणं झालं पोराला, श्वास कोंडून इथेच गेला. पुरला तोही त्याच झग्यात." हिबिटबाई उठल्या. "चला, अंधार पडायच्या आत मला घरी सोडा. वाटेत बर्फ आहे, माझी हाडं जुनी."

लायनेल त्यांचा हात धरून खाली गेला. "डबा बांधून ठेव, आलोच," असं ओरडून सांगितलं त्याने.

एनिड फोटो गोळा करत होती.

तेवढ्यात छतावरचा दिवा गेला.

वीज जायची वेळ झालीच होती, तिला त्याचं काही वाटलं नाही. गजांमधून थोडा राखाडी उजेड येत होता. ती दाराकडे वळली आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं.

तिने मूठ चाचपली.

दाराला आतून मूठच नव्हती.

मोडलेली नव्हती. कधी बसवलेलीच नव्हती. नुसतं गुळगुळीत लाकूड... आणि खाली, मुलाच्या उंचीवर, नखांनी ओरबाडल्याच्या रेघा.

"लायनेल!" तिने हाक मारली. दारावर थापा मारल्या. खाली आवाज जात नव्हता. तिला वाटलं, आपलाच आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतोय.

मग मागून आवाज आला.

टक्...

नख कशावरून तरी निसटल्यासारखा.

टक्... टक्...

हाडाच्या बटणावरून नख घसरतं ना, तसा. आणि त्याबरोबर कापडाची सळसळ. खोलीत पडदा नव्हता. चादर नव्हती. काहीच नव्हतं सळसळायला.

एनिडचा गळा आवळल्यासारखा झाला. भीतीने, असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं, खरंच आवळतोय. तिच्या लोकरी पोशाखाचा गळा घट्ट होत चालला होता. तिची बटणं पुढे होती. तिने ती उघडायला छातीवर हात नेला.

तिथे बटणं नव्हती.

नुसतं सपाट कापड.

तिने हात पाठीमागे नेला. बोटांना लागलं... एक बटण. त्याच्या वर दुसरं. मणक्यावरून वर जाणारी अख्खी ओळ. खांदे कितीही ताणले तरी हात पुरेना. बाह्या कोपराशी तंग झाल्या. श्वास अर्धाच आत जायचा.

डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण याच खोलीत मरणार, असं तिला स्पष्ट कळलं. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की हे तिला कुणी दाखवतंय. कसं वाटायचं ते.

"ऑब्री," ती कशीबशी म्हणाली. "ये... इकडे ये. मी काढते."

टक् टक् थांबलं.

अंधारात तिच्या अगदी जवळ कुणीतरी येऊन उभं राहिलं. तोंड तिच्याकडे नव्हतं.

पाठ होती.

तिने हात पुढे केला. ओलसर, गार सुती कापड. त्यावर बटणं, आणि बटणांवरून जाड दोऱ्याचे टाके. तिने नखांनी टाके तोडले. पहिलं बटण निघालं. तिचा गळा तेवढा सैल झाला. दुसरं निघालं, थोडी हवा आत गेली. ती रडत होती, तोडत होती, काढत होती. शेवटचं निघालं. झगा खांद्यांवरून घसरला.

"झालं हं, बाळा," ती म्हणाली.

तिने त्या पाठीवर हात ठेवला.

खाली आणखी एक झगा होता.

जरा लहान. त्यालाही बटणं. त्यालाही टाके. तिने तोही उघडला. त्याच्याखाली तिसरा... आणि दर झग्यागणिक ती पाठ लहान होत चालली होती. आता तिला वाकावं लागत होतं. मग गुडघ्यांवर बसावं लागलं.

दार उघडलं.

"एनिड! अगं, किंचाळतेस काय?"

लायनेलच्या हातातल्या टॉर्चचा झोत आत पडला. खोली रिकामी. एनिड जमिनीवर गुडघे टेकून, दोन्ही हात पुढे. नखं तुटलेली, बोटांच्या टोकांना रक्त.

तिच्या पोशाखाची बटणं पुढेच होती, नेहमीसारखी.

"किती वेळ लावलास!" ती हुंदके देत म्हणाली.

लायनेल तिच्याकडे बघत राहिला. "वेळ? मी अजून निघालोसुद्धा नाही. म्हातारीला गाडीत बसवलं, काचेवरचा बर्फ खरवडला, तर तुझी किंकाळी आली."

ती त्याला ढकलून जिन्यावरून धावली. मागे वळून पाहिलं नाही. फोटो तिथेच पडले. पुढे घर विकलं गेलं, नव्या माणसांनी पाडून टाकलं, असं लायनेल सांगतो. हिबिटबाईही गेल्या.

एवढ्यावर संपलं असतं, तर मी हे सांगायला बसले नसते.

परवा मी तिच्याकडे चहाला गेले होते, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, तू त्याला मदतच केलीस की. बिचारा सुटला असेल."

ती कप खाली ठेवून म्हणाली, "मी अर्ध्यावर पळाले गं."

बाहेर दिवस मावळत होता. मी दिवा लावायला उठले, तर ती एकदम म्हणाली, "नको. तू आता घरी जा."

"का? बरं वाटत नाहीये का?"

ती खुर्चीतून खाली सरकली आणि गालिच्यावर गुडघे टेकून बसली. दोन्ही हात हवेत पुढे केले. बोटं हळूहळू हलायला लागली. वरून खाली. पुन्हा वरून खाली.

"किती झगे राहिलेत अजून?" मी कशी कोण जाणे, विचारून गेले.

"मला वाटायचं, लहान होत होत संपतील," एनिड म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पण काल संध्याकाळपासून... ते पुन्हा मोठे व्हायला लागलेत."