टपातली महसीर

"माझा मासा चोरीला गेला," धापा टाकत कल्याण म्हणाला, तशी मधुवंतीबाईंनी आपली गळकाठी आवरली.

संगमनेरात त्यांची खासगी तपासाची कचेरी होती. आज सुट्टी होती. प्रवरेच्या काठी पिसांची खोटी माशी लावून मासे धरायची हौशी स्पर्धा होती. सोबत निवृत्त शिक्षक शामकांत सर होते. त्यांच्या गळाला सकाळपासून फक्त बाभळीची फांदी लागली होती.

कल्याणने अकरा वाजता दीड किलोची महसीर धरली होती. मासा तोलायचा आणि परत नदीत सोडायचा, असा नियम होता. पण तोलणारे प्रमुख पाहुणे आलेच नव्हते. मासा दोन तास प्लास्टिकच्या टपात पडून होता आणि आता टपात नुसतं पाणी होतं.

कल्याणने सरळ बिभीषणवर आळ घेतला. दोघे वीस वर्षं एकाच वळणावर शेजारी बसून गळ टाकत आले होते. बिभीषण सामान आवरायला लागला होता.

मधुवंतीबाई टपाशी वाकल्या. आठ दिवस पाऊस नव्हता. भोवतीची माती कोरडीठाक होती, नदीच्या वाटेवरही थेंब नव्हता. टपातलं पाणी मात्र निम्म्यावर आलं होतं. आपण टप काठोकाठ भरला होता, असं कल्याण शपथेवर सांगत होता.

बिभीषण कमरेपर्यंत ओलाचिंब होता. मासा पाहून पोटात दुखलं, हे त्याने कबूल केलं. "पन टपाजवळ म्या गेलो न्हाई. वीस वर्सांत त्याला एवढंबी कळू नये?"

पंच सहादेव टपाजवळच खुर्ची टाकून बसला होता. जरा डोळा लागला, असं तो ओशाळून म्हणाला. जाग आली तेव्हा चहावाली केशरबाई तेवढी दिसली. डोक्यावर हंडा घेऊन ती नदीवर पाण्याला निघाली होती.

केशरबाई पेले विसळत होती. मासा सकाळी पाहिला होता, लई दमला हुता, एवढंच ती म्हणाली.

"म्हणजे परकं कोणी आलंच नाही," सर म्हणाले.

बाईंनी सगळ्यांना टपाभोवती बोलावलं.

"मासा उडी मारून पडला असता, तर इथे चिखल झाला असता. बिभीषणने नेला असता, तर त्याच्या ओल्या कपड्यांचे थेंब वाटभर दिसले असते. माशाबरोबर टपातलं पाणीही गेलंय. म्हणजे मासा पाण्यासकट, भांड्यातून गेला. सर, पाण्याला जाताना बाई रिकामा हंडा कुठे धरते?"

"काखेत."

"आणि डोक्यावर?"

"भरलेला," सर म्हणाले, आणि हळूच त्यांची मान केशरबाईकडे वळली.

केशरबाईने पेला खाली ठेवला. "व्हय, मीच सोडली. गाभोळीनं, अंड्यांनी पोट भरलं हुतं तिचं. पानी तापलं, ती आ वासाया लागली. कल्याणदादाला दोनदा सांगितलं, पाव्हनं येईस्तवर जगायची न्हाई. ते म्हनले, आधी वजन. बिभीषणदादावर आळ येईल, हे ध्यानात आलं न्हाई. मग बोलायचं भ्या वाटलं."

कल्याणने टप उपडा केला. केशरबाई दोनदा बोलली होती, हे त्याला आठवत होतं. मग तो बिभीषणजवळ गेला, त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली आणि चुकलो म्हणाला. बिभीषणने केशरबाईला दोन चहा सांगितले.

तीन वाजता पाहुणे आले. हार घालून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कुठाय ती मोठी महसीर?"

कल्याण आणि बिभीषण एका चटईवर बसले होते. कल्याणने नदीकडे हात केला.

"बाळंतपणाला माहेरी गेली, साहेब."