छत्तीस कानांचं कुरण

आज दुपारी एकपर्यंत ताईला कुरणात पाऊल टाकू द्यायचं नाही, एवढंच माझं काम आहे, आणि आतापर्यंत ते अगदी व्यवस्थित चाललंय. सकाळी साडेआठला तिला फोन करून सांगितलं की प्रकल्पाच्या अहवालावर तिची सही राहिली आहे, मुख्य इमारतीत स्वतः जाऊनच करावी लागेल, आणि तिथला कारकून एकपर्यंतच भेटतो. यातलं एक अक्षरही खरं नाही. कारकुनाला मी कालच पटवून ठेवलंय की ताई आली की तिला बसवून घे आणि कागद शोधल्यासारखं कर. तो म्हणाला, कागद शोधणं हेच तर आम्ही दिवसभर करतो, त्यात नाटक कसलं.

मी फाटकाच्या आत उभा आहे. खांब छातीइतका उंच आहे, वही टेकवायला सोयीचा. समोर कुरण उतरत गेलंय, मधोमध एकच झाड, त्याच्या पलीकडे पाण्याची टाकी, आणि चाळीस गाई इथे-तिथे चरतायत. हवा छान आहे. खरं सांगायचं तर तीन वर्षांत मी पहिल्यांदाच आत आलोय. प्रकल्पातला माझा वाटा गणिताचा, आणि गणिताला शेण लागत नाही. यावरून ताई मला चारचौघांत घालूनपाडून बोलते. गाईंना मी लांबूनच नमस्कार करतो, त्यांचीही त्याबद्दल काही तक्रार नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, गुरांची डॉक्टर. विद्यापीठाचा हा कळप तिच्या हवाली आहे. मला पाढे तिने शिकवले, म्हणून मी गणिती झालो, असं ती पाहुण्यांना सांगते. चुकल्यावर पडणाऱ्या टपल्यांचा उल्लेख टाळते. माझी तिच्यावर फार माया आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती ताप बघेल.

तिचं जन्माचं दुखणं एकच: गाईचा पाय. गाय दुखणं लपवते. ती लंगडताना डोळ्यांना दिसेपर्यंत खुरात बरंच काही बिघडून गेलेलं असतं. ताईला ते आधी कळायला हवं होतं, पावलाच्या आवाजावरून. म्हणून तिने भूशास्त्रातल्या खडकला गाठलं. खडक म्हणजे माझा मित्र. हे नाव त्याला धंद्यावरूनही पडलंय आणि एकदा खुर्चीत बसला की हलत नाही म्हणूनही. जमिनीची बारीकशी थरथर टिपणारी यंत्रं त्याच्याकडे होती, आम्ही त्यांना कान म्हणतो. असे छत्तीस कान त्याने कुरणात वीतभर खोल पुरले. त्याला हवी होती लांबच्या भूकंपांची कुजबुज, ताईला हवी होती पावलं. एकाचा कचरा तो दुसरीचा माल. दोन्ही वेगळं करून ज्याचं त्याला देणारा हमाल म्हणजे मी.

मी एक प्रोग्राम लिहिला. पाऊल किती जोरात पडतं, दोन पावलांत किती वेळ जातो, यावरून तो सांगतो की ही नऊ नंबर, ही तेवीस नंबर. प्रत्येकीची चाल त्याला शिकवायला मला वर्ष लागलं. कुरणात रोज ताईही फिरते, म्हणून तिचीही चाल शिकवली. त्यानंतर उरलेलं काम सोपं होतं. सगळ्यांची पावलं ओळखायची, वजा करायची, आणि खाली उरलेली शांतता खडकच्या पदरात टाकायची.

शांतता उरली नाही. पावलं उरली.

पहिल्यांदा मला माझीच चूक वाटली, आणि तसं वाटण्याची मला चांगली सवय आहे. पण या पावलांचं एक वेगळं होतं. गाय पाय टेकते तेव्हा जमीन आधी दबते, कानाची रेघ आधी खाली जाते. या पावलांची रेघ आधी वर जात होती. कुणीतरी खालच्या बाजूने जमिनीला पाय लावून चालावं, तशी. खडक म्हणाला, तार उलटी जोडली गेली असेल. मग त्यानेच छत्तीसच्या छत्तीस तारा तपासल्या, चार कान उकरून पुन्हा पुरले. त्याच कानावर त्याच मिनिटाला गाईचं पाऊल सरळ येत होतं आणि हे उलटं. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि विषय बदलला.

पण मला झोप येईना. उरलेली पावलं मी गाईंच्या पावलांवर ठेवून सरकवत गेलो, एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. प्रतिध्वनी असेल तर कुठेतरी जुळणारच. जुळली. चाळीसच्या चाळीस जुळल्या, वळणावळणासकट, कुठे थांबली आणि कुठे शेपटीने माशी हाकताना पाय बदलला तेही. फक्त हा प्रतिध्वनी आवाजाच्या चार दिवस आधी येत होता.

सोमवारी खालची नऊ नंबर मागच्या डाव्या पायावर अडखळली. शुक्रवारी वरची नऊ नंबर लंगडत गोठ्यात आली. मग तेवीस नंबर. मग अकरा. चौथ्या वेळी मी ताईला नुसतंच सांगितलं की गणित म्हणतंय, गुरुवारी पस्तीसचा पुढचा उजवा बघ. गुरुवारी तिने फोनवर इतका आरडाओरडा केला की भावोजींना वाटलं घरात साप निघाला. संध्याकाळी ती पेढ्यांचा डबा घेऊन आली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली की तीन वर्षांत पहिल्यांदा भाऊ असल्यासारखं वाटलं. तिचा समज आहे की हे गणित आहे. मी तो दूर केला नाही. घरात तेवढीच किंमत वाढते.

ऊन चढलं, तसा मी आता झाडाकडे आलोय. सावलीही आहे, आणि ही जागा डोळ्यांनी बघायचीच होती. इथे कुणी नाही. नुसतं गवत आहे, थोडं बसकं, आणि एक मुंग्यांची रांग.

आता सोमवारचं सांगतो. या सोमवारचं.

सोमवारच्या फाईलमध्ये उलट्या पावलांत दोन पायांचं कुणीतरी होतं. खालून दोन पाय आम्हाला नवे नव्हते, ताईचेही रोज येतात, चार दिवस आधी. दहा वाजून पाच मिनिटांनी ते फाटकातून आत आलं. फाटकाशी जवळजवळ अर्धा तास उभं राहिलं. मग सावकाश झाडापाशी आलं, आणि तिथे एक रुंद, जड ठोका उमटला. माणूस जमिनीवर बसतो तेव्हाचा. पावणेबाराला सगळ्या गाई चरायच्या थांबल्या आणि एकेक करून झाडाकडे निघाल्या. बारा वाजून पाच मिनिटांनी शेवटची पोचली. नंतर संध्याकाळपर्यंत कुणीही पाय हलवला नाही. सहा वाजता गाई परत गेल्या. दोन पायांचं कुणी उठलं नाही.

प्रोग्रामने शेजारी नाव लिहिलं होतं: ताई.

खडकला दाखवलं तेव्हा तो चक्क उठला आणि खोलीचं दार लावून आला. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस. शुक्रवारी आत येऊ देऊ नकोस, बास."

फाटकाशी ती अर्धा तास काय करणार होती, हा प्रश्न मला पडला होता. भावोजींशी फोनवर भांडणार असेल, असं मी धरून चाललो. त्याने काही बिघडत नव्हतं. आजवर खालचं एकदाही चुकलेलं नाही, हे खरं, पण आजवर कुणी ते मुद्दाम चुकवूनही बघितलं नव्हतं. गणितात एक उलटं उदाहरण पुरतं. ते उदाहरण म्हणजे आजची ताई, मुख्य इमारतीत, पंख्याखाली, कारकुनासमोर.

साडेअकरा. ताईचा फोन आला होता. एरवी मी तिच्या फोनला घाबरतो, आज नाव बघूनच डोळ्यांत पाणी आलं. ती हसत होती. कारकुनाने तिला तीन कपाटं उघडून दाखवली म्हणे, आणि चौथ्यात स्वतःचाच हरवलेला चष्मा सापडला. मी कुठे आहे विचारलं. कुरणात, म्हटलं.

"तू? कुरणात? बूट तरी घातलेस का?"

मी म्हटलं, चपला आहेत.

"वेड्या. मी आता थेट घरी जाते, आज काही कुरणात यायला जमत नाही. तू ये जेवायला."

येतो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी मोठ्याने हसलो. जवळच्या दोन गाईंनी मान वर करून पाहिलं. आज चुकलं, बाबांनो. चाळीस गाई, छत्तीस कान, आणि ताई घरी निघाली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

खडकला कळवायला हवं होतं, पण त्याचा साडेअकरापर्यंत तास असतो. वर्गातून येऊन तो थेट पडद्यासमोर बसणार होता. फोन त्याचाच आला.

"अरे, काय करतोयस तू?" त्याचा आवाज अगदी बारीक होता. "ताई आत आहे. झाडाखाली बसलीये. कधीची बसलीये."

मी म्हटलं, ताई मुख्य इमारतीत आहे, आत्ताच बोललो.

"नाही. मला दिसतंय ना. सरळ पावलं आहेत, वरची. नाव आलंय. झाडाखाली आहे, दहा अडतीसपासून."

मी झाडाभोवती पाहिलं. बुंध्यामागे वाकून पाहिलं. झाडाखाली कुणी नव्हतं. मी होतो.

माझ्या लक्षात आलं होतं, आणि असली चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होणार नाही. प्रोग्रामला एकेचाळीसच चाली माहीत आहेत. त्यातली दोन पायांची एकच. खडक कान पुरायला-उकरायला गेला तेव्हा ते बंद होते; चालू कानांवर तीन वर्षांत ताईशिवाय कुणी माणूस आलाच नाही, म्हणून दुसरं नाव शिकवायची वेळ आली नाही. दोन पायांवर कुणीही येवो, तो म्हणणार, ताई.

ऊन चढलं होतं, खांबावर लिहून मनगटही दुखत होतं, म्हणून मी झाडाकडे आलो होतो. बुंध्याला पाठ टेकून, गुडघ्यावर वही घेऊन. कधी बसलो ते आठवत नाही.

खडक काहीतरी विचारत होता. मग त्याला कळलं असावं. त्याने माझं नाव दोनदा घेतलं. मी म्हटलं, ताईला काही सांगू नकोस, ती जेवायला वाट बघेल, उशीर होईल एवढंच सांग.

तो म्हणाला, "ऊठ. फोन चालू ठेव आणि ऊठ."

उठतोच आहे. पायाला मुंग्या आल्यात, कमरेपर्यंत. एवढा वेळ मांडी घातली की येतात. फोन गवतात ठेवलाय, त्यातून तो अजून बोलतोय.

ताई घरी पोचली असेल. तिचं काही झालं नाही. आज काम फक्त तेवढंच होतं आणि ते झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पावणेबारा वाजलेत. चरण्याचा आवाज थांबलाय. तो इतका वेळ चालू होता हे आत्ता कळलं.

त्या येतायत. घाई कुणालाच नाही. नऊ नंबर आधी आली, मग तेवीस. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे चांगले आहेत त्यांचे. माझ्याकडे त्या बघत नाहीत. माना खाली घालून माझ्या पायांजवळच्या जमिनीकडे बघतायत, कान पुढे करून.

मी उठायचा पुन्हा प्रयत्न केला.

बारा वाजून तीन मिनिटं. एकोणचाळीस मोजल्या. गोल करून उभ्या आहेत, खांद्याला खांदा लावून. फक्त समोर एकीपुरती जागा सोडली आहे. सतरा नंबर अजून टाकीपाशी आहे, ती पहिल्यापासूनच सावकाश चालते.