तीन पात्यांचा पंखा

इचलकरंजीच्या वाचनालयात दुपारचा चहा झाला की अकरा बायका मंगळ निवडायला बसत. ‘निवडायला’ हा शब्द शालन चौगुल्यांचा. तीस वर्षं यंत्रमागाचं कापड तपासलेली बाई. तिच्या नजरेतून कधी तुटका धागा सुटला नाही, तिथे मंगळाची काय कथा! यानाने काढलेला दक्षिण ध्रुवाचा फोटो पडद्यावर आला की खाली चार बटणं दिसत: पंखा, कोळी, डाग, काही नाही. वसंतात तिथल्या बर्फाखाली वायू कोंडतो, फुटतो आणि काळी धूळ उडवतो. त्या धुळीच्या खुणांची ही नावं.

एकच फोटो जगभरातले शेकडो स्वयंसेवक पाहत. कोणाचं मत किती धरायचं ते मात्र भरवसायंत्र ठरवी. इतरांशी जुळलात तर भरवसा वाढे, नाही जुळलात तर घटे. हा आकडा एरवी कोणाला दिसत नसे. त्या सोमवारी तो पहिल्यांदाच शालनताईंच्या पडद्यावर आला: शून्य. शेजारणीचाही शून्य. अकराही जणींची तीच गत.

शालनताईंना ते फार लागलं. त्यांनी तडक पुण्याच्या प्रकल्प-केंद्रातल्या तरुण संशोधक अन्विता देवस्थळींना फोन लावला.

“म्याडम, आमचं काय चुकलं ते तरी सांगा.”

अन्विताने त्यांनी नोंदवलेल्या खुणा पाहिल्या. “काकू, तुम्ही पंखा नेमका कशाला म्हणता?”

“आता गं बाई! पंख्याला पंखा न्हाई तर काय म्हणायचं? मधी गोल आन् तीन पाती.”

अन्विताला हसू आवरेना. मूळ नाव हातपंख्यावरून पडलं होतं: एका टोकाशी निमुळता, पुढे पसरत गेलेला धुळीचा झोत. भाषांतर करणाऱ्याने नुसतं ‘पंखा’ लिहिलं आणि इचलकरंजीने छताचा पंखा शोधला.

शालनताईंचा चेहरा पडला. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. पण आपली नजर खोटी ठरली, हे मानायला काही त्या तयार नव्हत्या.

“नाव चुकलं असंल, पोरी. पर पाती हायत का न्हाईत? माणसं उतरायच्या जागंवर नऊ ठिकाणी हायत बघ.”

पुढच्या महिन्यात तिथे सहा माणसं उतरणार होती. अन्विताचं हसू थांबलं. बर्फाचा पापुद्रा खालून वायूने सगळीकडे सारखाच फुगला की तीन फाट्यांनी तडकतो, हे तिला ठाऊक होतं. इतक्या बारीक भेगा मात्र कोणी टिपल्याच नव्हत्या, कारण त्यांना बटणच नव्हतं. तिने बायकांच्या जुन्या खुणा पुन्हा काढल्या. इचलकरंजीने पंखा म्हटलेल्या एकेचाळीस जागांपैकी अडतीस जागा काही आठवड्यांतच फुटल्या होत्या.

शून्य भरवशाच्या बायकांचं काय ऐकायचं, म्हणून वरिष्ठांनी पुष्कळ हुज्जत घातली. अन्विता हटली नाही. शेवटी जागा बदलली. माणसांचं यान दोनशे किलोमीटर दूर सुखरूप उतरलं, आणि नवव्या दिवशी जुन्या जागेचा फोटो आला. नऊच्या नऊ ठिकाणं फुटून काळी पडली होती. शालनताईंना वाचनालयातच रडू फुटलं.

फोनवर अन्विता भरभरून बोलत होती. तुमचा भरवसा आता शंभर झालाय, तुमच्या भेगांसाठी पाचवं बटण येतंय. शालनताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“आम्ही भांडलो म्हणून तुला कळलं, पोरी,” त्या म्हणाल्या. “पर त्या यंत्रानं आनि कुणाकुणाला शून्य दिलाय? ती माणसं काय बघत हुती, हे इचारलंय का कुणी?”