नलूची माफी

बाथरूममध्ये पाय घसरून खांद्याचा स्नायू फाटला, तेव्हा हेमलता प्रधानांना सगळ्यांनी एकच सल्ला दिला: आता भजनी मंडळ बघा. त्या मात्र सहा महिन्यांनी उजव्या हातावर राखाडी बाही चढवून जिमखान्यातल्या टेबल टेनिसच्या टेबलापाशी हजर झाल्या.

"आता स्मॅश मारून उरलासुरला खांदाही घालवा," पलीकडून गुप्ते म्हणाले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात."

"स्मॅश बंद. बघाच तुम्ही."

दोघं जुने खेळगडी. गुप्त्यांची बायको नलिनी ही तिसरी. ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गुप्ते तिच्याविषयी कोणाशी बोलत नसत.

बाहीचं नाव स्नायुसखी. मनगटावरचं भिंग चेंडू पाहतं आणि बाही नेमक्या स्नायूला विजेचा बारीकसा चिमटा काढते, की हात आपसूक वळतो. खेळाडूंच्या साठवून ठेवलेल्या हालचालींतून ती दुखऱ्या खांद्याला झेपेल अशी शैली निवडते. हेमलताबाईंना तिनं मागे सरकून, चेंडू खालून कापून परतवायला शिकवलं होतं. जन्मभर तुटून पडणाऱ्या बाईला आधी हे बुळचट वाटलं, मग त्यात मजा येऊ लागली.

गुप्ते घामाघूम झाले. तेवढ्यात हेमलताबाईंचा चेंडू टेबलाची कड चाटून गेला. असा नशिबाचा गुण मिळाला की खेळाडू हात वर करून माफी मागतो. हेमलताबाईंनी ती आयुष्यात कधी मागितली नव्हती. आज त्यांची बॅट वर गेली, कपाळाला टेकली आणि हळूच खाली आली.

गुप्त्यांच्या हातून बॅट पडली.

"हे कोणी शिकवलं तुला?" आजवर त्यांनी हेमलताबाईंना कधी अगंतुगं केलं नव्हतं. "कपाळाला बॅट फक्त नलू लावायची!"

हेमलताबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. ते मागे सरकणं, ते कापणं नलूचंच होतं, आणि इतके दिवस आपल्या ध्यानात येऊ नये! त्यांनी तिथूनच बाही देणाऱ्या डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावून नलूचं नाव घेतलं.

"नलिनीताईंनी आजारपणात हालचाली दान केल्या होत्या," डॉक्टर चाचरत म्हणाल्या. "दात्याचं नाव आम्ही एरवी सांगत नाही. फटका कुठला आणि माफी कुठली, ते बाहीला कळत नाही हो. तिनं सगळंच उचललं. म्हणत असाल तर आत्ता पुसते."

"मला एका शब्दानं बोलली नाही," गुप्ते पुटपुटले.

दुसरी कुठलीच शैली त्या खांद्याला मानवली नव्हती. ही पुसली की खेळ संपला, हे हेमलताबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या म्हणाल्या, "पुसा." आणि बाही उतरवून त्यांनी खुर्चीवर टाकली.

"खेळ सोडण्याआधी एक डाव बाहीशिवाय खेळा," गुप्ते म्हणाले. "मला नलू नव्हे, तुम्ही दिसायला हव्यात."

उघड्या हातानं हेमलताबाईंनी चेंडू कापला. तो जाळीला लागून पलीकडे पडला, पुन्हा नशिबाचा गुण. आणि बॅट वर गेली, कपाळाला टेकली.

"डॉक्टर," त्या कशाबशा म्हणाल्या, "बाही खुर्चीवर आहे."

फोन अजून चालूच होता. "बाही नुसती शिकवते," डॉक्टर म्हणाल्या. "शिकलेलं तुमच्या मेंदूत राहतं. ते मला पुसता येत नाही."

हेमलताबाईंनी उजवा हात छातीशी धरला. गुप्ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्या हाताकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"दुखतंय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

हे आपल्याला विचारलं की नलूला?